ते कौल आणि तो कौल

न्यायसभेसाठी पहिले कौल कुंभारणीच्या पणजोबांनी थापले. पुढे आजोबांनी त्याच साच्यावर थापले, मग वडिलांनी. आता साचा तिच्या हाती होता. छपरावर चढते ते कौल, आणि न्यायसभेच्या वाळूत पडतो तो देवाचा कौल. उताणे पडले तर आरोपी निर्दोष, पालथे पडले तर दोषी. नपुंसकलिंगाचे पुल्लिंग होण्यास पुरुषभर उंची पुरत असे.

अर्धगोल कौल हातातून सोडले, तर दहांत आठ वेळा पालथेच पडते, हे चारही पिढ्यांना ठाऊक होते. कोणी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही.

आज वाळूच्या कडेला गवंडी उभा होता. धान्याच्या व्यापाऱ्याची भिंत तो दुरुस्त करीत असताना मागच्या खोलीतून तांब्याचा हंडा नाहीसा झाला होता.

"काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारले.

"हंडा मी घेतला नाही. आणि साहेब, हा खेळ मला मान्य नाही. यांच्याच दुकानातून गव्हाची चार पोती नेली म्हणून माझ्या आजोबांना याच वाळूत चोर ठरवलं. खाणीवर गेले ते गेलेच. आमच्या घरात आजही त्यांना कोणी चोर म्हणत नाही."

"घरात कोण म्हणेल?" व्यापारी म्हणाला. "बाहेर विचार की." लोक हसले.

"माझे सासरे चोर नव्हते," खांबापाशी बसलेली गवंड्याची आई म्हणाली. हे वाक्य ती चाळीस वर्षे, ज्याला ऐकायचे असेल त्याला आणि नसेल त्यालाही, ऐकवीत आली होती.

"देवाच्या कौलाला खेळ म्हणतोस? त्याची शिक्षा वेगळी होईल," न्यायाधीशांनी बजावले.

"पालथं पडलं तर दहा वर्षं खाण आहेच, साहेब. त्यातच उरकून घेईन."

शिपायाने कौल उचलले आणि तळहातावर तोलले. "बाई, आजचं कौल जड लागतंय."

"तुमचे हात थकले असतील," कुंभारीण म्हणाली.

कौलाच्या पाठीवर तिने बोटभर माती जास्त चढवली होती. भट्टीत तडकू नये म्हणून आठ दिवस सावलीत वाळवले होते. गवंड्याच्या आजोबांसाठी पडलेले कौल तिच्या आजोबांच्या हातचे होते. ते तेवढे एकच नव्हते, पण त्या माणसाचा नातू आज समोर उभा होता.

शिपायाने हात उंच केला आणि कौल सोडले. ते पाठीवर पडले, दोनदा डोलले आणि थांबले.

उताणे.

सभेतला कोलाहल शमेपर्यंत ती बाहेर पायरीवर आली होती. गवंडी मागोमाग आला. तो हसेल असे तिला वाटले होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, पाहिलंत ना?"

"पाहिलं. जीव वाचला. आईला घेऊन घरी जा."

"मी मनात म्हटलं होतं, खरा असशील तर दाखव. मी हंडा घेतला नाही, हे फक्त मला माहीत होतं. त्यानं बरोबर ओळखलं." तो थांबला. आई जवळ येऊन उभी राहिली होती; तिच्याकडे न पाहता तो पुढे म्हणाला, "म्हणजे कौल खोटा नसतो. म्हणजे पोती आजोबांनीच नेली होती."

"अरे," आई म्हणाली.

कुंभारणीने तोंड उघडले. दारात शिपाई उभा होता. कौल हातात घेऊन ते उलटेपालटे करून पाहत होता. एक शब्द बाहेर पडला असता, तर दुसरे कौल मागवले गेले असते आणि हा पुन्हा वाळूच्या कडेला उभा राहिला असता.

"कौलाला काय कळतंय, बाळा," एवढेच ती म्हणाली.

"असं बोलू नका, मावशी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "देव ऐकतो."

पंधरवड्याने भर दुपारी तिच्या भट्टीवरून एक हातगाडी गेली. गाडीवर गव्हाची चार पोती होती. थापी, ओळंबा, सारी औजारे विकून गवंड्याने ती पोती घेतली होती. तो पुढून ओढत होता, आई मागून रेटत होती. हातातली माती तशीच ठेवून कुंभारीण त्यांच्या मागे दुकानापर्यंत गेली आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

व्यापाऱ्याने एकेक पोते काट्यावर चढवले, कोठीत रिकामे करवले आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "चार पोती, पुरी भरली. तुझ्या आजोबांचं देणं फिटलं."

गवंड्याने हात जोडले.

"फिटलं बरं का तुमच्या सासऱ्यांचं," व्यापारी आईकडे वळून म्हणाला.

आईने मान वर केली नाही.

"रिकामी पोती तेवढी परत द्या," ती म्हणाली. "ती आमची आहेत."