लाल दिव्याचा मुळा

बसा, एक भानगड सांगतो. हल्ली रानोरान माती तपासायचे दिवे रोवलेत ना? पोट बिघडवणारे जंतू मातीत जिवंत असेस्तोवर दिवा लाल, मेले की हिरवा. गोजराबाईनं मुळ्याला ताजं शेण घातलं, अन् दिवा दोन महिने लालच राहिला. त्यात पोटुशा सुनेला कच्च्या मुळ्याचे डोहाळे लागले. गोजराबाईचा नवरा गेनूतात्या वस्ताद! त्यानं दिवा उपटून चुलीतल्या राखेत खुपसला. झाला हिरवा! सुनेनं मुळा धुऊन तोंडाशी नेला, तसा गोजराबाईनं तो हिसकावला.

"आत्या, दिवा हिरवा हाय की!"

"राखेचा हिरवा हाय, बाई. मातीतले जंतू हायेत तिथंच."

तेव्हापासून सून धड जेवंना, गोजराबाईच्या जिवाला घोर. तुमच्या रानातला दिवा खराखुरा हिरवा हाय. द्या की एक मुळा उपटून, पोरीला नेऊन देतो.