उंचीची रांग
पालिकेच्या खर्चाने पोलीस भरतीचं प्रशिक्षण मिळणार होतं, पण उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर हवी. माझी नात दीपमाला सकाळी तेवढी भरते. तासभर उभी राहिली की घटते. म्हणून ती पालिकेच्याच व्हरांड्यात आडवी पडली, रांगेत मी उभी राहिले. "आजीबाई, आपण भरती होताय?" मोजणाऱ्या साहेबांनी विचारलं. "नात झोपलीय." "वा! पोलिसात जायच्या आधीच?" नंबर येताच दीपमाला पट्टीखाली आली, तोच साहेबांनी डबा उचलला. "जेवणाची सुट्टी. तासाभराने या." दीपमाला टेबलापाशीच आडवी झाली. मागच्या मुलीलाही उंचीची धास्ती होती, तीही झोपली. मग दारापर्यंत मुलीच मुली. साहेबांना पाऊल टाकायला जागा उरेना. त्यांनी डबा ठेवला, दीपमालाला उठवलं, पट्टी टेकवली. "एकशे पंचावन्न. आता जेवू का?" जमिनीवरून वीस आवाज आले, "नाही!"