दुसरी भरती

"एक भरती चंद्राच्या बाजूची. मग दिवसात दुसरी येते, ती कुणाची?"

जयमालाबाईंनी सातवीच्या वर्गाला विचारलं. समोर आगरदांड्याची खाडी काठोकाठ भरत होती. का भरते, ते सांगता कुणालाच येईना.

बाईंनी तीन मुलींना अंगणात एकामागे एक, हातात हात देऊन उभं केलं. पुढे श्रद्धा, चंद्राजवळचं पाणी. मध्ये पूनम, पृथ्वी. शेवटी भक्ती, पलीकडचं पाणी. बाई स्वतः चंद्र झाल्या.

"चंद्र जवळच्याला जास्त खेचतो, लांबच्याला कमी. श्रद्धा, तू लांब ढांग टाक. पूनम, तू जरासंच सरक. भक्ती, तू हलायचं नाही."

"ते तिला बरं जमतं," श्रद्धा म्हणाली. मुली हसल्या.

भक्तीची आई मस्कतच्या इस्पितळात कामाला गेली, तेव्हापासून आईशी बोलायचं नाही म्हणून भक्ती अडून बसली होती. आजोबांच्या फोनवर आईचा आवाज आला की ती उठून परसात जायची. म्हणून आई मधल्या सुट्टीत बाईंना फोन करायची. बाई काहीबाही सांगायच्या: खेळतेय, जेवतेय, आत्ताच इथं होती.

श्रद्धा पुढे गेली, पूनम सरकली. ओळ ताणली गेली, दोन्ही बाजूंनी.

"बघा. पुढचं पाणी पुढे धावलं, म्हणून तिकडे भरती. मागचं मागे राहिलं, म्हणून इकडेही भरती."

"म्हणजे मला टाकून पृथ्वीच गेली, व्हय ना बाई?" भक्ती म्हणाली.

आता कुणी हसलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी ओळ तशीच उभी. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कुणाचा, ते विचारावं लागलं नाही.

भक्तीनं मान वळवली ती परसात जायच्या सवयीनं. मध्येच तिची नजर पूनमवर अडली. पूनमचे दोन्ही हात दोन दिशांना ताठ ताणलेले. खांदे वर चढलेले, ओठ घट्ट मिटलेले. भक्तीची बोटं तिनं इतकी आवळून धरली होती की नखं पांढरी पडली होती.

भक्तीचा एक हात मोकळा होता. पूनमचा एकही नव्हता.

भक्ती एक पाऊल पुढे सरकली. पूनमचा खांदा खाली आला. बाई फोन उचलून तिच्याजवळ आल्या, तेव्हा भक्तीनं मोकळा हात पुढे केला, फोन घेतला आणि कानाला लावला.

"आई," ती म्हणाली, "हात लई दुखतात का गं तुझे?"