गळ्यापर्यंतचा श्वास

“खोल श्वास घ्या आणि कोपर वाकवा,” व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

काकाने श्वास घेतला, पण गळ्यापर्यंतच. उजवा हात मांडीवर पडून राहिला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

अपघातात खांद्याच्या नसा तुटल्या होत्या. सर्जननी बरगड्यांमधल्या नसा काढून दंडाच्या स्नायूला जोडल्या. आता हात छातीचं ऐकणार. खोल श्वास घेतला, खोकला आला, हसू फुटलं, की कोपर आपोआप वाकणार.

अपघातानंतर काका हसलाच नव्हता. घरचे म्हणत, थोरला भाऊ शेजारच्या सीटवर जागीच गेला, हसेल कसा बिचारा. दुःख होतंच. पण हात केव्हाच जिवंत झाला होता, हे फक्त काकालाच ठाऊक होतं. एकदा दात घासताना ठसका लागला आणि आरशात तो हात वर आला. ह्याच हाताने त्याने स्टिअरिंग फिरवलं होतं. भाऊ गेला तो गेलाच, आणि हा मेला परत येतोय. तेव्हापासून काका श्वाससुद्धा चोरून घ्यायचा. कुणी गंमत सांगू लागलं की उठून जायचा.

मॅडम पट्टा आणायला आतल्या खोलीत गेल्या. पुतणी शेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. भावाची एकुलती एक. काकाला इथे तीच घेऊन यायची.

“काका, मॅडम तुझ्या दंडाकडे कशा बघतात माहितीये? दूध उतू जायची वाट बघावी तशा. गॅस बंद करायला हातसुद्धा तयार.”

काकाला खुदकन हसू फुटलं. हात टुणकन उडून छातीशी आला. त्याने घाईघाईने डाव्या हाताने तो खाली दाबला.

“कुणाला सांगू नकोस.”

पुतणीला जराही नवल वाटलं नव्हतं.

“गेल्या महिन्यात तू शिंकलास ना, तेव्हाच पाहिला होता मी.”

“मग बोलली का नाहीस?”

ती त्या हाताकडे बघत राहिली.

“मलाही तो बरा व्हायला नको होता. बाबांना मारलंन् त्याने, असंच वाटायचं.” तिने काकाचा डावा हात हळूच बाजूला केला. “पण तू श्वासच घेत नाहीस रे. घरात दोघंही गेल्यासारखं वाटतं. म्हणून आज मुद्दाम हसवलं तुला.”