आईची टेप

डॉक्टरकी शिकणाऱ्या त्या मुलाच्या एप्रनच्या खिशात चार वस्तू होत्या: टॉर्च, गुडघ्यावर ठोकून बघायची हातोडी, स्टेथोस्कोप आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप. वॉर्डातल्या रुग्णांची सूज मोजायला त्याने ती ताईच्या लग्नाला घरी आला तेव्हा पळवली होती. त्याच दिवशी आई म्हणाली होती, "ड्रेसची कॉलर आवळतेय रे, जरा बघ ना." पुस्तकातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "खाणं कमी कर." सगळे हसले, आईसुद्धा. आज शेवटची परीक्षा देऊन तो परतला, तर भर उकाड्यात आईच्या गळ्याला स्कार्फ. "डॉक्टर, संपली का एकदाची परीक्षा?" म्हणत तिने तो सोडला. "आवंढा गिळ," तो म्हणाला. तिच्या गळ्यावरची गाठ वर सरकली, खाली आली; थायरॉइडचीच. त्याने खिशातली टेप तिच्या मानेभोवती धरली. "लग्नात चौतीस सेंटिमीटर होती कॉलर," आई म्हणाली. तिची मान एकोणचाळीस सेंटिमीटर भरली.