फोंडा ते राधानगरी

जेवणं आटपली, पानाचं तबक फिरलं, आणि गंगारामाने मेणकापडाची गुंडाळी सोडून वही बाहेर काढली. कट्टा गावापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत तो अनवाणी चालत गेला, त्याची ती वही. वाटेत पोस्ट दिसलं की दोन नव्या पैशांचं तिकीट घ्यायचं, कोऱ्या पानावर चिकटवायचं आणि मास्तरांची मनधरणी करून त्यावर गावाचा गोल शिक्का मारून घ्यायचा. असे नऊ शिक्के. कसर लागू नये म्हणून मधे कापराची वडी.

नवस बायकोसाठी होता. नर्मदा मुदतीच्या तापाने पडली, वैद्याने हात टेकले, तेव्हा त्याने दत्ताला सांगितलं होतं, ही उठली तर चाकाला पाय न लावता तुझ्या दारात येईन. ती उठली. आज नवस फेडल्याचं जेवण होतं, आणि तीच घरासमोरच्या खळ्यात फिरून सोलकढीच्या वाट्या गोळा करत होती.

वही हातोहात फिरत होती आणि गंगाराम सांगत होता. चालून चालून तळपाय असे झाले की कोल्हापुरात एका चांभाराने विचारलं, पाव्हणं, हे जोडे कुठं घेतलेत? दाजीपूरच्या रानात पट्टेरी वाघ आडवा आला. याने नुसतं 'नवसाचा माणूस आहे' म्हटलं, तर तो बाजूला झाला आणि वाट अरुंद म्हणून शेपटीही आवरून बसला. हे सगळ्यांनी मान्य केलं. शेजारच्या हौसाबाईने तर बसल्या जागेवरून वाघाला हात जोडले.

वही लवूकडे आली. लवू तीस वर्षं पोस्टमन होता, नुकताच घरी बसला होता. लोक पत्र वाचतात, हा शिक्का वाचायचा. त्याने एक पान उलटलं, परत मागे आला, परत पुढे गेला.

"गंगाराम, फोंडा बारा तारीख," तो म्हणाला. "राधानगरी पण बाराच."

"मगे?"

"मधी तीस मैल आसत. वर घाट."

त्या दिवशी आपण लवकर निघालो होतो, असं गंगाराम म्हणाला. लवूने सांगितलं की फोंड्याचा शिक्का पोस्ट उघडल्यावरच बसला असणार, आणि राधानगरीचा पोस्ट बंद व्हायच्या आत. दोघातिघांनी बोटं मोजायला घेतली. हौसाबाईला मोजायची गरज वाटली नाही.

"चाकाक पाय लावल्यान," ती म्हणाली. "नवस अर्धो फेडलो, तर गूण पण अर्धोच येतलो."

नर्मदेने वाट्या खाली ठेवल्या आणि ती पायरीवर बसली. एक हात खांबाला धरला. तापातून उठल्यापासून चार महिन्यांत ती कुणाच्या देखत अशी बसली नव्हती.

लवूने ते पाहिलं. पोस्टाबद्दल वावगा शब्द त्याने जन्मात कधी काढला नव्हता. त्याच्या सख्ख्या भाचीच्या लग्नाची पत्रिका तिच्या मुलाच्या बारशाला पोचली तेव्हाही त्याने पत्ता लिहिणाऱ्यालाच दोष दिला होता. त्याने चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, पान उन्हात धरलं आणि कचेरीतल्या मराठीत बोलायला लागला.

"शिक्क्यातले तारखेचे आकडे रोज हातानं बदलावे लागतात. राधानगरीच्या मास्तरांकडून दोन दिवस बदलायचे राहिलेले दिसतात. पोस्टात असं होतं."

आणि पुढचं पान कुणी उलटायच्या आत त्याने वही मिटली.

सरकारची चूक म्हटल्यावर सगळ्यांचं समाधान झालं. हौसाबाईने सरकारला चार शब्द सुनावले, वाटेसाठी एक विडा कनवटीला लावला आणि ती गेली. मागोमाग बाकीचेही पांगले.

खळं रिकामं झालं तरी नर्मदा पायरीवरच होती.

"लॉरी काय यष्टी?" तिने विचारलं.

"लॉरी. लाकडांची."

मग त्याने सगळं सांगितलं. टाचा चिरल्या होत्या, घाट समोर होता, ड्रायव्हर आपल्याकडच्या आचऱ्याचा निघाला, वर बस म्हणाला. पण चाकाला पाय लागू दिला नव्हता, राधानगरीपर्यंत लाकडांवर मांडी घालून बसला होता.

"आणि वाघ?"

"तो ड्रायव्हरान बघितलेलो. माका सांगितल्यान."

नर्मदेने मान हलवली. वाघाबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

"मगे राधानगरीक पोस्टात कित्याक गेलंस? गप पुढे गेलो असतंस तर कोणाक कळला असता?"

गंगारामाने वहीतली कापराची वडी बोटांत फिरवली.

"दार उघडा होता गो," तो म्हणाला. "आणि शिक्को नवो. एकेक अक्षर काय उठला होता!"

ती उठली. खांबाचा हात सोडला, लुगडं झटकलं. उद्या पहिल्या गाडीने फोंड्याला जायचं, म्हणाली, आणि तिथून पुढे दोघांनी चालत. गंगाराम घाबरला. तीस मैल, घाट, आताशी कुठे तापातून उठलीस, तुला झेपायचं नाही, असं पुन्हा पुन्हा सांगू लागला.

"गूण किती इलो ता घाटात कळात," ती म्हणाली, आणि भाकऱ्यांचं पीठ काढायला आत गेली.

तो वही मेणकापडात गुंडाळत बसला. आतून डब्याचं झाकण वाजलं, आणि मग तिचा आवाज आला.

"आणि पोस्ट दिसला, तर मान खाली घालून चलूचा."