त्र्यंबकरावांची पाल

फडताळामागच्या पाली काढा म्हणून द्वारकाबाई वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. शेवटी सोलापुरातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या यजमानांनी, म्हणजे त्र्यंबकरावांनी, एक पकडली. एकच. तीही स्पिरिटच्या बाटलीत घालून विलायतेला धाडली. जात नवीन निघाली आणि तिथल्या विद्वानांनी तिला चक्क त्र्यंबकरावांचंच नाव ठेवलं.

झालं! गावभर पेढे वाटले गेले आणि उरलेल्या पालींना घरात अभय मिळालं. शेजारणी मुद्दाम विचारायच्या, "काय हो, या पालीचं नाव काय म्हणे?" द्वारकाबाई तोंडाला पदर लावायच्या. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

"आमची मंडळी जुन्या वळणाची," जेवायला आलेल्या शाळाखात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांना त्र्यंबकराव पानावर बसून सांगत होते. "एवढा मान मिळाला, पण हिच्या तोंडी माझं नाव येईल तर शपथ!"

तेवढ्यात स्वयंपाकघरात केरसुणी आपटली.





"मेल्या त्र्यंबक्या, उतर खाली! आमटीत पडलास तर झोडून काढीन!"